जुन्या एसीत नवा गॅस: भरायचा, बदलायचा की मशीनच काढायचं?

मार्च उजाडला की ओळखीतल्या लोकांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. एसी चालू आहे पण गार हवा येत नाही, मेकॅनिक म्हणतोय गॅस संपलाय, तुमच्या मशीनचा गॅस आता बंद झालाय, दुसरा भरून देतो, थोडे जास्त पैसे पडतील, तर भरू का? फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, आणि चुकीचं उत्तर दिलं तर कोणाचा तरी कॉम्प्रेसर जातो, क्वचित कोणाचा तरी हातपाय जातो. म्हणून नीट बसून लिहितोय.

पहिली गोष्ट, एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही, जुना होऊन त्याचा जोर कमी होत नाही. त्याचं काम हमालाचं आहे, खोलीतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं, दिवसभर हेच. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये तो पाच-सात अंशाला उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता शोषून घेतो, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, दाबल्याने तो चांगलाच तापतो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये पंख्याच्या वाऱ्यावर उष्णता सोडून द्रव होतो, तिथून केसासारख्या बारीक भोकाच्या कॅपिलरीतून जाताना त्याचं प्रेशर एकदम पडतं आणि तो पुन्हा गार होऊन आत यायला तयार. हे सगळं बंद पाइपात चालतं. कंपनीतून एक-सव्वा किलो गॅस भरून आलेलं दीड टनाचं मशीन पंधरा वर्षांनंतरही तेवढाच गॅस घेऊन चालू शकतं, मी अशी मशीनं बघितली आहेत.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळलाय, याला तिसरा पर्याय नाही. दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी 'थोडा टॉप-अप केला' म्हणून बिलात पैसे लावणारा माणूस एकतर गळती शोधत नाहीये किंवा गळती नसताना गॅस भरतोय, आणि जास्त गॅस भरणंही कमी गॅसइतकंच वाईट, कॉम्प्रेसरवर लोड येतो आणि बिल वाढतं. गॅस खरंच कमी आहे का हे ओळखायची घरगुती खूण म्हणजे बाहेरच्या युनिटला दोन पाइप लागलेले असतात, एक पातळ एक जाड, एसी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर पातळ पाइपच्या नटाजवळ बर्फ धरत असेल तर बहुतेक वेळा गॅस कमी असतो, आणि जाड पाइपवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ असेल तर आधी फिल्टर धुऊन बघा, कॉइल धुळीने बसलेली असते आणि दोष गॅसवर जातो.

गळती कुठे असते? बहुतेक वेळा फ्लेअर नटला, म्हणजे जिथे तांब्याच्या पाइपचं तोंड तुतारीसारखं फुलवून नटाने आवळलेलं असतं तिथे, किंवा कूलिंग कॉइलच्या बाजूला जे इंग्रजी यू आकाराचे वळलेले तुकडे असतात त्यांच्या सांध्याला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत खाडीच्या किंवा मोठ्या नाल्याच्या कडेला राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथल्या हवेत नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने तांबं काळं पडत जातं आणि त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात, मग एक सांधा बंद केला तर महिन्याभरात दुसरीकडून गळतं. अशा कॉइलला गॅस भरत राहणं म्हणजे पैसे हवेत सोडणं, तिथे कॉइलच बदलावी लागते.

आता मूळ प्रश्न. 'तुमचा गॅस बंद झालाय' म्हणजे काय? साधारण २०१५ च्या आधी घेतलेला साधा, इन्व्हर्टर नसलेला स्प्लिट किंवा विंडो एसी असेल तर त्यात आर-२२ नावाचा गॅस असण्याची शक्यता खूप. अंदाज लावत बसू नका, बाहेरच्या युनिटवर एक पत्र्याचं किंवा स्टिकरचं लेबल असतं, त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरलाय तो आकडा दोन्ही लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे चार वेळा लागेल.

आर-२२ वाईट का ठरला ते थोडक्यात. त्याच्या रेणूत क्लोरीन आहे. गळून वर गेलेला गॅस स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचला की अतिनील किरणांनी तुटतो, क्लोरीन मोकळा होतो आणि तो एकेक अणू हजारो ओझोनचे रेणू मोडत सुटतो. मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्ये मांडलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगासमोर आलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. (या कराराच्या अंमलबजावणीचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेतलं काम बरीच वर्षं आयआयटी मुंबईत शिकलेल्या राजेंद्र शेंडे यांनी सांभाळलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.) आधी नंबर लागला आर-१२ चा, म्हणजे जुन्या फ्रीजमधल्या गॅसचा. आर-२२ त्या मानाने सौम्य, ओझोनला त्याची इजा आर-१२ च्या अगदी लहान हिश्श्याएवढी, ०.०५५ इतकी धरतात, म्हणून त्याला मुदत जास्त मिळाली. पण हवामान तापवण्यात तो कमी नाही, शंभर वर्षांचा हिशोब केला तर एक किलो आर-२२ म्हणजे १८१० किलो कार्बन डायऑक्साइड. एका दीड टनाच्या एसीतला सगळा गॅस हवेत सोडला तर जवळपास साडेआठशे लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम, आणि तो सोडायला मेकॅनिकला दोन मिनिटं पुरतात.

पण 'मिळत नाही' हे खरं नाही. भारतासारख्या देशांसाठीचं वेळापत्रक टप्प्याटप्प्याचं आहे. २०१३ मध्ये वापर गोठवला, २०१५ पर्यंत १० टक्के कपात, २०२० पर्यंत ३५, २०२५ पर्यंत ६७.५, आणि २०३० मध्ये बंद, त्यानंतरही फक्त जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी २०४० पर्यंत अगदी थोडा, मूळ वापराच्या सरासरी २.५ टक्के. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून या जातीचा गॅस घालून नवीन मशीन बनवणं बंद झालंय. म्हणजे नवीन एसी आर-२२ चा मिळणार नाही, पण तुमच्या घरातल्या चालू एसीसाठी आर-२२ विकत घेणं आणि भरणं आज पूर्ण कायदेशीर आहे. तुमचं चालू मशीन काढून टाका असं कुठलाही नियम सांगत नाही. 'सरकारने बंदी आणलीय, आता हाच भरावा लागतो' असं कोणी सांगितलं तर त्याला सरळ सांगा की मशीनवर जो लिहिलाय तोच भर, नाहीतर राहू दे.

मग दुसरा गॅस भरला तर नेमकं काय बिघडतं? इथे जरा सावकाश वाचा, सगळा घोळ इथेच होतो.

सगळ्यात आधी प्रेशर. आर-२२ च्या मशीनमध्ये आतली कॉइल पाच अंशाला असताना गेजवर सुमारे ७० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिसतं आणि बाहेर कंडेन्सर ५० अंशाला असताना सुमारे २६५. तिथेच आर-२२ नंतरच्या एसीत आलेला आर-४१०ए असेल तर हेच आकडे १२० आणि ४३० होतात, आताच्या नवीन एसीतल्या आर-३२ चे त्याहून किंचित जास्त. आणि कंडेन्सर ५० अंश हा काही फार कडक हिशोब नाही, मे महिन्यात अकोला, चंद्रपूरला बाहेरची हवाच ४५ असते, तिथे कंडेन्सर साठीच्या आसपास जातो. आर-२२ साठी बनवलेले पाइप, कॉइल, कॉम्प्रेसरचं कवच, सांधे, काहीच एवढ्या दाबासाठी बनवलेलं नसतं. म्हणून आर-२२ च्या मशीनमध्ये आर-४१०ए किंवा आर-३२ भरणं हा प्रयोग करूनच बघायचा नाही, 'थोडासाच भरू' हेही नाही. कॉम्प्रेसर एकतर ट्रिप होत राहील किंवा फुटेल.

दुसरं तेल, आणि याबद्दल ग्राहकाला कोणी काही सांगतच नाही. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, त्यातलं थोडं तेल गॅसबरोबर सगळ्या पाइपातून फिरून परत येतं. आर-२२ बरोबर मिनरल तेल चालतं, दोघं एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तेल गॅसबरोबर वाहत परत येतं. नवीन एचएफसी जातीचे, म्हणजे क्लोरीन नसलेले गॅस, आर-४०७सी, आर-१३४ए वगैरे, मिनरल तेलात मिसळत नाहीत. मग होतं काय की तेल कॉम्प्रेसरमधून बाहेर जातं आणि गार कॉइलमध्ये घट्ट होऊन बसतं, परतच येत नाही. पहिले काही आठवडे एसी मस्त चालतो, मेकॅनिकचं कौतुक होतं, आणि मग एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम. तोपर्यंत मेकॅनिकचा आणि या प्रकाराचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही, 'जुनाच झाला होता' म्हणून विषय संपतो.

नवीन गॅसला पीओई नावाचं सिंथेटिक तेल लागतं. हे तेल हवेतला ओलावा अक्षरशः ओढून घेतं, डबा थोडा वेळ उघडा राहिला तरी खराब, आणि ओलावा गेला की आत आम्ल तयार होतं जे मोटरचं वायंडिंग खातं. बरं, जुनं तेल काढून नवीन घालायचं म्हटलं तर घरच्या स्प्लिट एसीच्या कॉम्प्रेसरला तेल काढायला प्लगच नसतो, तो वेल्डिंगने बंद केलेला डबा, त्याला पाइप कापून बाहेर काढून उलटा करून तेल ओतावं लागतं. एवढं करून आत उरलेलं जुनं तेल पाच टक्क्यांच्या खाली आणावं लागतं, म्हणजे एकदा बदलून भागत नाही. घरातल्या एसीसाठी हे कोणी करत नाही, करणं परवडतही नाही.

तिसरं, यातले बरेच गॅस म्हणजे मिश्रणं. आर-४०७सी मध्ये आर-३२, आर-१२५ आणि आर-१३४ए असे तीन गॅस २३, २५ आणि ५२ टक्के प्रमाणात असतात आणि तिघांचे उकळायचे अंश वेगळे. गळती झाली तर हलका घटक आधी निसटतो, आत उरलेल्या मिश्रणाचं प्रमाण बिघडतं, त्यावर टॉप-अप मारला तर आत नक्की काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून असा गॅस सिलिंडरमधून द्रवरूपातच काढून, वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. आपल्याकडे बरेच जण अजून 'बॅक प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) साठ-सत्तर आलं की बस' या हिशोबाने भरतात, तो हिशोब आर-२२ चा, मिश्रणाला लावला की चुकलाच.

मिनरल तेलावर चालतील अशी मुद्दाम बनवलेली मिश्रणंही बाजारात आहेत, आर-४२२डी, आर-४३८ए, आर-४१७ए. त्यात तेल वाहून परत यावं म्हणून थोडा ब्युटेनसारखा हायड्रोकार्बन घातलेला असतो, पण इतका कमी की मिश्रण पेट घेत नाही. यांना 'थेट भरा आणि विसरा' म्हणून विकतात. माझा यावर फार विश्वास नाही. चालतात, पण थंडावा थोडा कमी होतो, लांब पाइप असेल तर तेल परत येण्याची खात्री नसते, रबरी ओ-रिंग आर-२२ मध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेल्या असतात त्या गॅस बदलला की आकसतात आणि नवीन गळती सुरू होते. शिवाय ज्या पर्यावरणासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा हिशोब बघा, आर-४२२डी ओझोनला धक्का लावत नाही हे खरं, पण हवामान तापवण्यात त्याचा आकडा २७२९, म्हणजे काढलेल्या आर-२२ पेक्षा दीडपट. गळकं मशीन तसंच ठेवून त्यात हा भरला तर ओझोनचं भलं आणि हवामानाचं नुकसान.

आणि आता सगळ्यात घातक प्रकार. प्रोपेन, म्हणजे आर-२९०. याचं प्रेशर आर-२२ च्या खूप जवळचं, मिनरल तेलात सहज मिसळतो, थंडावा उत्तम, हवामानावर परिणाम जवळजवळ शून्य, वजनाने आर-२२ च्या निम्म्याहून कमी लागतो. म्हणजे कागदावर याच्याइतका चांगला पर्याय दुसरा नाही, आणि म्हणूनच जुन्या आर-२२ मशीनमध्ये तो किंवा त्याचं एखादं मिश्रण भरण्याचा मोह होतो. अडचण एकच, तो पेटतो. हवेत दोन टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते. गॅस म्हणून मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, गोदरेजने २०१२ पासून आर-२९० चे एसी बाजारात आणले, आपल्या साताऱ्यातल्या शिरवळच्या कारखान्यात त्यासाठी वेगळी लाइन उभारली, आणि ती मशीनं ठीक आहेत कारण ती त्या गॅससाठीच बनलेली आहेत, गॅसचं वजन खोलीच्या आकाराला धरून बांधलेलं असतं, ठिणगी उडेल असे इलेक्ट्रिकचे भाग बंदिस्त असतात, वर ठळक खूण असते. तुमच्या जुन्या एसीत यातलं काहीच नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की खाली फरशीवर पसरतो, बंद बेडरूममध्ये रात्रभर. आणि दोन वर्षांनी दुसराच मेकॅनिक येतो, लेबलवर आर-२२ वाचतो, आणि सांधा जोडायला ज्योतीची टॉर्च पेटवतो. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं की आत काय आहे.

सिलिंडरवर जे लिहिलंय तेच आत आहे का, हाही प्रश्न आहेच. २०११ मध्ये जहाजावर जाणाऱ्या रीफर कंटेनरचे, म्हणजे ज्यातून आपली द्राक्षं न्हावा-शेवाहून परदेशी जातात तसल्या गार कंटेनरचे, स्फोट झाले आणि माणसं मेली. व्हिएतनाममध्ये त्यांची दुरुस्ती झाली होती आणि आर-१३४ए म्हणून जो गॅस भरला त्यात आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते कॉम्प्रेसरमधल्या अ‍ॅल्युमिनियमला खाऊन असं काही रसायन तयार करतं जे नुसती हवा लागली की पेट घेतं, ठिणगीही लागत नाही. स्वस्तातला सिलिंडर कुठून आला हे विचारायला म्हणून लाजायचं नाही.

मग जुन्या मशीनचा गॅस बदलायचाच नाही का? घरच्या स्प्लिट किंवा विंडोचा, नाही. मोठ्या मशीनचा, कधीकधी हो. मंगल कार्यालय, बँक, नाट्यगृह, हॉस्पिटल अशा ठिकाणी साडेआठ, अकरा, साडेसोळा टनाची डक्टेबल किंवा पॅकेज युनिट असतात, त्यांचं डक्टिंग, वायरिंग, फॉल्स सीलिंग सगळं बसलेलं असतं, मशीन बदलायचं म्हणजे हॉल महिनाभर बंद. तिथे कॉम्प्रेसर ठणठणीत असेल तर गॅस बदलणं पटतं. अशा एका कार्यालयाच्या जुन्या पॅकेज युनिटचं काम मी जवळून पाहिलंय, सेमी-सील्ड, म्हणजे बोल्ट काढून उघडता येणारा कॉम्प्रेसर होता, खाली तेल काढायचा प्लग होता, म्हणूनच हे शक्य झालं.

काम करणारा माणूस वयस्कर, घाई अजिबात नाही. आधी त्याने मशीन आहे त्या आर-२२ वर तासभर चालवून सगळी प्रेशर, पाइपांची तापमानं, कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतोय ते वहीत लिहून घेतलं, कारण नंतर तुलना कशाशी करणार. मग आर-२२ वर असतानाच तेल बदललं, पीओई भरलं, मशीन चालवलं, पुन्हा तेल काढलं, पुन्हा भरलं, दर वेळी काढलेल्या तेलाचा थेंब एका छोट्या भिंगासारख्या यंत्रात धरून जुनं तेल किती उरलंय ते बघायचं. तेल नीट निघालं तेव्हा रिकव्हरी मशीन लावून आर-२२ वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला आणि त्याचं वजन केलं. ओ-रिंगा बदलल्या, व्हॉल्व्हच्या पिना बदलल्या, ओलावा शोषणारा ड्रायर नवीन. मग नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, आणि इथे मला त्याचं काम खरं आवडलं, गेज स्थिर दिसत असतानाही तो ब्रशने साबणाचा फेस एकेका सांध्याला लावत गेला, "गेज खोटं बोलत नाही साहेब, पण उशिरा बोलतं" म्हणाला, आणि मोठ्या मशीनमध्ये कॅपिलरीचं काम करणाऱ्या एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या मागच्या नटावर बघता बघता मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. तो नट आवळून भागलं नाही, फ्लेअर कापून नवीन केला. मग व्हॅक्यूम पंप रात्रभर, व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली जाऊन तिथे टिकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी आर-४०७सी वजनकाट्यावर, आर-२२ जितका निघाला होता त्याच्या नव्वद टक्के आधी, मग चालवून बघत थोडा थोडा. शेवटी जुनं लेबल झाकून नवीन स्टिकर, गॅस कुठला, तेल कुठलं, वजन किती, तारीख.

गॅस बदलणं म्हणजे हे सगळं. यातलं अर्धं वगळून अर्ध्या तासात जे होतं ते काम नाही. हवा, ऑक्सिजन याने प्रेशर टेस्ट करणारे महाभागही आहेत, तेल आणि ऑक्सिजन दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो, माणसं गेली आहेत यात. नायट्रोजनचा सिलिंडर बरोबर नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा म्हणावं.

तर घरातल्या आर-२२ एसीसाठी माझा सल्ला असा. कॉइल आणि कॉम्प्रेसर चांगला असेल तर गळती शोधून, बंद करून, व्हॅक्यूम करून, लेबलवरच्या वजनाइतका आर-२२ च भरा आणि मशीन आपल्या मरणाने मरेपर्यंत वापरा. मेकॅनिकला बोलावतानाच विचारा, दादा, वजनकाटा, व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजन आणणार ना? तिन्ही नसेल तर दुसरा बघा, थोडे जास्त पैसे घेतले तरी चालतील, कारण नीट काम करायला दोन-तीन तास लागतात आणि त्या वेळेची किंमत आपण देत नाही म्हणूनच टॉप-अपचा धंदा चालतो. दोष सगळा मेकॅनिकचा नाही, बहुतेकांना कोणी नीट शिकवलेलंच नाही, २०१९ च्या भारताच्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं ते याचसाठी, तुमचा मेकॅनिक असं प्रशिक्षण घेतलेला असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा. पण कॉइल सडली असेल किंवा कॉम्प्रेसर गेला असेल तर जुन्या मशीनवर पैसे घालू नका, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साध्या एसीपेक्षा आताचा चांगल्या स्टारचा इन्व्हर्टर एसी विजेच्या बिलातच फरक दाखवतो.

ज्यांच्याकडे आर-४१०ए चं मशीन आहे त्यांचीही पाळी येणार आहे. तो ओझोनला काही करत नाही पण तापमानवाढीचा आकडा २०८८, म्हणून मॉन्ट्रियल करारातच २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीत तोही कपातीच्या यादीत आला, भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, आपल्याकडे या एचएफसी जातीच्या गॅसचा वापर २०२८ ला गोठेल आणि २०३२ पासून कपात सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जाईल. म्हणजे घाई काहीच नाही. त्यात आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा, प्रेशर जुळतं म्हणून मोह होतो पण आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, कॉम्प्रेसर त्याच्यावर जास्त तापतो आणि तुमचं मशीन त्यासाठी बनलेलं नाही. 

नवीन एसी घेताना जुना कॉपर पाइप वापरायचा का हे सगळे विचारतात, विशेषतः पाइप भिंतीतून नेलेला असेल तर. बाहेरून दिसणारा पाइप असेल तर नवीनच टाका, आत जुनं मिनरल तेल चिकटलेलं असतं आणि जाडी आर-३२ च्या दाबाला पुरेल याची खात्री नसते. भिंतीतला असेल तर आधी पाइपचा व्यास आणि जाडी नवीन मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून बघा, जुळली तरच फ्लश करून, नायट्रोजनने साफ करून, दोन्ही टोकांचे फ्लेअर नवीन करून वापरा.

राहिला जुन्या मशीनमधला आर-२२. कॉम्प्रेसर चालू अवस्थेत असेल तर मेकॅनिकला पंप-डाउन करायला सांगा, पातळ पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून मशीन थोडा वेळ चालवलं की सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो, मग जाड पाइपचाही व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन बंद. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. फक्त पाइप कुठे उघडा किंवा तुटलेला असेल तर पंप-डाउन करायचं नाही, हवा आत ओढली जाते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. आणि गॅस भरलेलं ते युनिट रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी पहिला घाव पाइपवरच घालतो. एसी ई-कचऱ्याच्या नियमात येतो, एक्स्चेंजमध्ये देताना दुकानदाराला विचारा की मशीन कुठल्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जातं, किंवा आधी तुमच्याच मेकॅनिकला रिकव्हरी सिलिंडरमध्ये गॅस काढून घ्यायला सांगा, त्याच जातीच्या दुसऱ्या कोणाच्या तरी चालू मशीनला साफ करून तो उपयोगी पडतो.